उत्तर (ब): प्रश्नच नाही

तात्या, परवा हुसेनभाई बारामतीहून दुकानाचा माल घेऊन आले आणि नेहमीसारखं पुस्तक माझ्या हातात ठेवून गेले. तेच, मुंबईच्या कौन्सिलातल्या प्रश्नोत्तरांचं. बारामतीच्या वकीलसाहेबांचं वाचून झालं की ते लासुर्ण्याला यायचं, तसंच आलं. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. पुस्तकाची सुतळी मी अजून सोडलेली नाही.

काल उन्हं कलल्यावर माणसं सवयीनं शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. तुमची खांबाजवळची जागा कुणी घेतली नाही. कुणीतरी विचारलं, "मास्तर, वाचायचं न्हाय का आज?" मी म्हटलं, डोळे दुखतायत. माझे डोळे ठणठणीत आहेत, तात्या. मी खोटं बोललो, आणि ते पहिलं खोटं नव्हतं. पहिलं काय होतं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. तुम्हाला लिहून काय उपयोग, असं तुम्ही हसत म्हणाला असता.

सुरुवात तुम्हीच केलीत. आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ मुंबईत बसलं आणि तुम्ही वांग्यांची गाडी बारामतीच्या बाजारात रिकामी करून थेट वकीलसाहेबांच्या ओसरीवर जाऊन उभे राहिलात. "आमचा मंत्री तितं काय बोलतोय ते आमाला कसं कळायचं?" असं विचारलंत म्हणे. वकीलसाहेबांनी गमतीनं हातात इंग्रजी पुस्तक दिलं. तुम्ही ते धोतराच्या सोग्यात बांधून माझ्यापुढं आणून आपटलंत. माझं इंग्रजी तीन इयत्तांचं आणि बाकीचं डिक्शनरीचं. पण गावात तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि मास्तरला येत नाही असं म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती. तो फुकटचा डौल माझा, तात्या. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मग आठवड्यातून एकदा वाचन सुरू झालं. मी एकेक ओळ इंग्रजीत डोळ्यांनी वाचायचा आणि तोंडानं मराठीत सांगायचा. मंत्री तरी किती गोष्टींवर बोलायचे! एका बैठकीत दारूबंदी, शाळांतली सूतकताई, जातिवंत वळू, खेड्यातले रस्ते, वाचनालयं, डबकी बुजवणं, सगळं. "एकाच माणसाला येवढं समदं कसं सुचतं वो?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचो, त्यांना लिहून देतात. त्यावर तुम्ही माझ्याकडं असं बघायचात की जणू मी देवळात पान खाऊन थुंकलो.

तुम्हाला मंत्र्याचं बोलणं म्हणजे झालेलं कामच वाटायचं. खेड्याखेड्यात चांगल्या जातीचे वळू देण्याचा विचार आहे, असं एकदा वाचलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चावडीपुढं दगडानं ठोकून बाभळीची भक्कम मेख रोवलीत. वळू बांधायला! ती मेख अजून आहे. तिला शेळ्या बांधतात. वाचनालयाचं वाचलं तर हुसेनभाईंच्या दुकानातली मिठाच्या गोणीवरची एक फळी तुम्ही मोकळी करून घेतलीत. हुसेनभाई कुरकुरले, "तात्या, पुस्तकं यीपातूर तंबाखू तरी ठिऊ का?" तर तुम्ही म्हणालात, "आन् पुस्तकं आल्यावर वास मारला तर?" ती फळी वर्षभर रिकामी होती. हसून हसून आमची पोटं दुखायची आणि तुम्हाला आमच्या हसण्याचं काहीच वाटायचं नाही.

आपलं भांडण याच्यावरच होतं. मी म्हणायचो, तात्या, तिथं उभं राहून बोलायला काय लागतं? तुम्ही म्हणायचात, "मास्तर, तुमी पोरास्नी रोज पाढं घोकायला लावता. ती काय लगीच पंडित व्हत्यात? आधी तोंडानं म्हणायचं, मग हातानं व्हतं." मी चिडायचो. पुढच्या आठवड्यात सांगतो, असं म्हणून विषय टाळायचो. ते उत्तर राहिलंच. आता सुचलं आहे, पण ते इतकं कडू आहे की तुम्ही समोर असतात तरी मी दिलं नसतं.

आणि तो शब्द. तोही तुम्ही माझ्याकडूनच उचललात. तुमची नात मंजुळा पहिलीत बसली तेव्हा तुम्ही शाळेच्या दारात येऊन विचारलंत, "मास्तर, पोरगी पास व्हईल न्हवं?" मी म्हटलं, "प्रश्नच नाही, तात्या." तुम्ही दोन क्षण विचारात पडलात. मी समजावलं की म्हणजे होणारच, विचारायलाच नको. तुम्हाला तो शब्द असा आवडला की गावभर घेऊन फिरलात. वांगी कोवळी हायत का? प्रश्नच न्हाय. कालव्याचं पाणी सुटंल का चारीला? प्रश्नच न्हाय. बाजारातल्या बाया तुमच्या मागं तुमची नक्कल करायच्या. सगळ्या लासुर्ण्यात त्या शब्दाचा एकच अर्थ होता, तुमचा.

कालवा आला आणि भाजीपाला आला, तसा तापही आला. पाझराचं पाणी जागोजाग साचतं, शेताच्या कडा खारावून चोपण होतात, आणि पाऊस सरता सरता घराघरात माणसं भर उन्हात घोंगड्या पांघरून कुडकुडतात. दर वर्षी आषाढात तुम्ही बारामतीहून हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांच्या काचेच्या नळ्या आणून घरात ठेवायचात. गावात ती दूरदृष्टी दुसऱ्या कुणाला नव्हती, मलाही नव्हती. एकदा मंत्री आरोग्यावर बोलले ते वाचलं आणि तुम्ही उठून उभे राहिलात. "आपलं बी इचारा की तितं! कालव्यानं पाणी धाडलं, मग त्याच्यावरचं औषीद बी धाडा म्हणावं." तुमच्या सांगण्यावरून मी आपल्या भागाच्या कौन्सिलातल्या मेंबरांना पत्र लिहिलं. तुम्ही अंगठा उठवलात आणि शाई केसांना पुसलीत. मी मनात म्हटलं, हे पत्र कुणी उघडणारसुद्धा नाही.

उघडलं की, तात्या. मेंबरांनी खरोखर विचारलं. यंदा श्रावणाच्या तोंडी जे पुस्तक आलं त्यात तुमचा प्रश्न छापलेला होता. नीरा कालवा, इंदापूर तालुका, सगळं इंग्रजीत. मी ओट्यावर उभा राहिलो. तुम्ही खांब सोडून पुढं येऊन बसलात, डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलंत. हुसेनभाई दुकानाला कडी लावून आले. मी प्रश्न वाचला: (अ) कालव्याकाठच्या गावांना हिवतापावर कोयनेल फुकट पुरवण्याची गरज सरकारला वाटते काय? (ब) वाटत असल्यास, ते यंदाच्या पावसाळ्यात पोचेल काय?

आता उत्तर. मंत्र्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. पहिली ओळ, (अ): सध्याच्या व्यवस्थेबद्दल सरकारचं समाधान आहे. मी तसंच वाचलं. "समाधान झालं!" कुणीतरी ओरडलं. "पटलं त्यास्नी!" मी तोंड उघडणार, तोवर नजर खालच्या ओळीवर गेली होती. इंग्रजीत तीनच शब्द होते. (अ)चं उत्तर नाही म्हटल्यावर (ब) उद्भवतच नाही, अशा अर्थाचे. ते मंत्री रोज वीस वेळा म्हणतात. मी ते याआधी कितीदा तरी सांगितलं होतं, "हा प्रश्न उद्भवत नाही" असं पुस्तकी मराठीत, आणि तुम्ही लोकांनी कान खाजवले होते. त्या दिवशी घाईत, त्या गलक्यात, माझ्या तोंडून निघालं:

"(ब) प्रश्नच नाही."

मग तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "आयकलं का? माझाच शबुद! मंत्री माझाच शबुद बोलला! यंदा यील का? प्रश्नच न्हाय!" तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. साठी उलटलेला माणूस, पागोटं खाली पडलेलं, आणि तुम्ही हुसेनभाईंना मिठी मारून हलवत होतात.

मला त्याच क्षणी कळलं होतं, तात्या. नंतर नाही, रात्री विचार करून नाही. शब्द तोंडातून बाहेर पडता पडता कळलं. दोन वाक्यं बोलायची होती. "थांबा, चुकलं. ते नाही म्हणाले." लहान पोरालाही जमली असती. पण मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. आणि खरं सांगू? त्या ओट्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या वाचण्यातून आला होता. मला तो थोडा वेळ माझ्याकडं ठेवावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सांगायला तुमच्या मळ्याकडं निघालो, तर तुम्ही वाटेतच भेटलात. हातात काचेची नळी. हुसेनभाईंच्या आईला हीव भरलं होतं, तिला गोळ्या द्यायला तुम्ही निघाला होतात. मी म्हटलं, "तात्या, घरच्यांना लागतील की." तुम्ही हसलात. "सरकारची गोळ्यांची पेटी यायचीय न्हवं! मग ह्या ठिऊन काय त्यांचं लोणचं घालू?" आणि पुढं गेलात. मी बांधावर उभा राहून बघत राहिलो. तेव्हा हाक मारायला हवी होती. तुमची पाठ दिसत होती, आवाज पोचला असता. हुसेनभाईंची आई बरी झाली. मग धनगरवाड्यातली बाळंतीण, मग आणखी कोण कोण. दोन आठवड्यांत तुम्ही घरातली सगळी कोयनेल वाटून टाकलीत. ज्याला द्यायचात त्याला सांगायचात, उपकार मानू नको, सरकारनं दिलीय असं समज. मी रोज उद्या सांगणार होतो.

एकदा तर तुम्हीच मला वाट करून दिलीत. शाळेच्या ओट्यावर आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, "मास्तर, मंत्री नक्की त्योच शबुद बोलला न्हवं? इंग्रजीत त्यो शबुद असतोय?" मी म्हटलं, असतो. बस्स. एवढंच बोललो आणि फळा पुसायला उठलो. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

मग भाद्रपदात तुम्हालाच ताप आला. एकाआड एक दिवस, ठरल्या वेळी. पहिल्या खेपेला तुम्ही थट्टा केलीत, दुसऱ्या खेपेला नाही. मी आलो तेव्हा तीन घोंगड्यांखाली खाट हलत होती. तुमच्या कारभारीणबाई, काकी, डोक्याशी बसल्या होत्या. तुम्ही दात वाजत असताना विचारलंत, "मास्तर... पेटी... आली का?" मी म्हटलं, "येईल, तात्या." तुम्ही म्हणालात, "प्रश्नच न्हाय." आणि माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केलात, मला धीर यावा म्हणून.

मी तिथून उठलो तो हुसेनभाईंची गाडी जुंपून बारामतीला गेलो. तापाचा मोसम, कोयनेल सगळीकडं संपलेली. दोन ठिकाणी विचारलं, चार ठिकाणी विचारलं. शेवटी एका दवाखान्यातून कडू औषधाची बाटली मिळाली. तीन डोस दिले. चौथ्याची वेळ आली नाही. लोक म्हणतात, मास्तर तात्यासाठी ऊर फुटेस्तोवर पळाला. हुसेनभाई मला भेटतात तेव्हा माझा हात हातात घेतात आणि म्हणतात, "तात्यानं माझ्या आईला वाचवलं, आन् तुमी तात्यासाठी जिवाचं रान केलं." तो हात सोडवून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला तुमचे आभारही मानायचे होते, ते कुठं मानू? या गावात बदली होऊन आलो तेव्हा मी सगळ्यांवर कावलेला माणूस होतो. तुम्ही दर आठवड्याला माझ्यापुढं येऊन असे बसायचात की जणू मी काही मोठं सांगणार आहे. तुमच्यामुळं मी डिक्शनरी उघडायला लागलो. तुमच्या विश्वासाची मी चेष्टा करायचो, आणि आठवडाभर त्याचीच वाट बघायचो. मंत्र्यावर नाही, तात्या, तुमचा विश्वास माझ्यावर होता. मंत्र्याला तुम्ही कधी पाहिलंही नाही. जे ऐकलंत ते माझ्या तोंडून ऐकलंत.

इथवर सकाळी लिहिलं आणि कागद पुस्तकाखाली ठेवला. उद्या तुमचा दहावा. तो व्हायच्या आत काकींना सांगायचं ठरवलं आणि दुपारी शाळा सुटल्यावर मळ्यात गेलो.

काकी चुलीपुढं नव्हत्या. आत मंजुळेपाशी बसल्या होत्या. पोरीच्या अंगावर तुमची घोंगडी होती. ताप येऊन दोन दिवस झाले म्हणाल्या. त्यांनी मान वर केली आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "मास्तर, सरकारच्या गोळ्या कवा येणार वो?"

आता मला पळायला जागा नव्हती. मी खाली बसलो. म्हटलं, "काकी, गोळ्या येणार नाहीत. येणारच नव्हत्या. मंत्री नाही म्हणाले होते. मी चुकीचं वाचलं, आणि चुकलं हे मला ठाऊक होतं, तरी मी तात्यांना सांगितलं नाही."

ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या उठल्या, दिव्याच्या कोनाड्यात हात घातला आणि दिव्यामागून एक लहानशी पुडी काढली. तुमच्या जुन्या पागोट्याची चिंधी होती, गाठ मारलेली. माझ्यापुढं ठेवली.

"ह्या तुमच्या हायत," काकी म्हणाल्या. "आठ गोळ्या. समद्या वाटल्या, पण ह्या न्हाय दिल्या कुणाला. मी म्हटलं, आवं, तुमी फणफणलाय, ह्या तरी घ्या. तर हात लावू दिला न्हाय. म्हणालं, त्या मास्तरच्या हायत. मला सरकारच्या यतील. मास्तरला ताप आला तर आमाला वाचून कोण दाखवंल?"

तात्या, मी त्या खाटेपाशी बसून "येईल" म्हणत होतो तेव्हा तो कोनाडा तुमच्या उशापासून दोन हातांवर होता.

मी पुडी मंजुळेकडं सरकवली. काकींनी गाठ दातांनी सोडली. मंजुळेला उठवून बसवलं, मी पाणी धरलं, तिनं तोंड वाकडं करत पहिली गोळी गिळली. उरलेल्या सात काकींनी हातावर घेऊन पाहिल्या आणि मला विचारलं, "मास्तर, पोरगी बरी व्हईल न्हवं?"

तुम्ही असंच शाळेच्या दारात उभं राहून विचारलं होतंत. उत्तरही ठरलेलं होतं. काकी त्याची वाट बघत होत्या, माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी तो शब्द गिळला आणि म्हटलं, "मला ठाऊक नाही, काकी."